वायकिंग्स की पॅकर्स? वाइड रिसीव्हर कुणाचे भारी?

जांभळा मावळा, ४ ऑगस्ट २०२५

शनिवारी कँटनला पॅकर्सच्या जुन्या वाइड रिसीव्हरला, स्टर्लिंग शार्पला, अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या मानाच्या यादीत) घेतलं. रविवारी आमच्याकडे पावभाजीला चार घरं जमली होती, त्यातली दोन विस्कॉन्सिनहून आलेली, मग काय, तव्यावर पाव टाकल्यापासून ते पोरं झोपेला आली तरी एकच वाद, वाइड रिसीव्हर (म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पळत जाऊन पकडणारे) कुणाचे भारी, मिनेसोटाच्या वायकिंग्सचे की विस्कॉन्सिनच्या पॅकर्सचे. मुद्दे चांगले निघाले पण आरडाओरड्यात अर्धे वाहून गेले, म्हणून नीट धागा काढतोय. ज्याला जे वाटतं ते लिहा.

मी वायकिंग्सचा. मिनेसोटात येऊन १९ वर्षं झाली. माझं मत आधीच सांगून टाकतो, आमचे भारी, आणि मी ते यार्ड (कॅच घेऊन टीमला किती अंतर पुढे नेलं ते) मोजून म्हणत नाहीये. ज्याच्याकडे जास्त बॉल फेकले त्याचे यार्ड जास्त होणारच. माझी कसोटी एवढीच की तुमच्या रिसीव्हरमुळे समोरच्या टीमला काय काय बदलावं लागलं.

५ ऑक्टोबर १९९८, सोमवारची रात्र, लॅम्बो फील्ड. पॅकर्स घरच्या मैदानावर ओळीने २५ मॅच जिंकून बसलेले. आमच्या रँडी मॉसचा लीगमधला (एनएफएल) पाचवाच सामना. त्याने पकडले किती, तर फक्त ५ बॉल, पण त्या पाचात १९० यार्ड आणि २ टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन), आणि आम्ही ३७-२४ जिंकलो. मी तेव्हा सांगलीत शाळेत होतो, फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात एवढंच माहीत, पण इकडे आल्यावर ती मॅच इतक्या वेळा बघितलीय की आता प्ले पाठ आहेत. त्यात मॉसचे हात बघा. बॉल हवेत असतो आणि हात खालीच. कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) बॉलकडे पाठ करून धावत असतो, त्याला बॉल दिसतच नाही, तो मॉसचे डोळे आणि हात बघून ओळखणार की आला म्हणून, आणि हा शेवटच्या क्षणापर्यंत काही म्हणजे काही दाखवत नाही, हात वर जातात तेव्हा बॉल तिथे असतोच, समोरच्याला उडी मारायला वेळच उरत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्ट (टीम्स कॉलेजातले खेळाडू निवडतात तो) झाला तर पॅकर्सनी पहिल्या तीन निवडी कुठे घातल्या? अँटुआन एडवर्ड्स, फ्रेड व्हिन्सन, माइक मॅकेन्झी. तिघेही डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारे. एका पोरासाठी तीन माणसं आणली राव! ह्याहून मोठं सर्टिफिकेट कुठल्या रिसीव्हरला मिळालंय ते मला सांगा.

मॉस एकटा नाही. क्रिस कार्टर आहे, १९९० मध्ये ईगल्सनी सोडून दिला आणि आम्ही १०० डॉलर भरून घेतला, तो पुढे १३० टचडाउन कॅच करून हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि आता जस्टिन जेफरसन. पहिल्या पाच सीझनमध्ये ७४३२ यार्ड, लीगच्या इतिहासात पहिल्या पाच वर्षांत एवढे कुणाचेच नाहीत (यार्ड मोजत नाही म्हणालो आणि मोजले, पण हा आकडा सांगायलाच हवा).

पॅकर्सवाल्यांनो, या.


लॅम्बो वारकरी, ४ ऑगस्ट २०२५

आलो. मी अॅपलटनला असतो, ग्रीन बेपासून अर्ध्या तासावर, आणि शनिवारी शार्पचं भाषण ऐकताना डोळ्यात पाणी आलं माझ्या, ते आधी सांगतो मग भांडतो.

मावळे, तुमची कसोटी मला मान्य आहे, पण ती लावायची तर मग डॉन हटसनपासून लावा ना. १९३५ साली अलाबामाहून आला, आणि बेअर्सविरुद्धच्या मॅचमध्ये पॅकर्सच्या पहिल्याच प्लेला आर्नी हर्बरचा बॉल घेऊन ८३ यार्डांचा टचडाउन. तेव्हा लोक बॉल फेकायचेच कमी, रन करायचे, आणि ज्याला आज आपण रूट म्हणतो, म्हणजे ठरवून अमुक पावलं पळायचं, खांदा एकीकडे टाकायचा आणि दुसरीकडे वळायचं, हा सगळा संसार त्या माणसाने मांडला. त्याच्यावर दोन दोन तीन तीन माणसं लावायला लागली लीग. १९४२ मध्ये ७४ कॅच, १२११ यार्ड, १७ टचडाउन, ते पण ११ मॅचमध्ये. करिअरचे ९९ टचडाउन कॅच, आणि हा रेकॉर्ड मोडायला १९८९ साल उजाडावं लागलं. तुमच्या मॉसमुळे एका टीमने ड्राफ्ट बदलला. हटसनमुळे खेळ बदलला.

आणि शार्पबद्दल. सात सीझन, ११२ मॅच, एकही चुकवली नाही. १९९२ ला १०८ कॅच, लीगचा रेकॉर्ड. १९९३ ला ११२, स्वतःचाच रेकॉर्ड मोडला. जानेवारी १९९४ ची डेट्रॉइटची प्लेऑफ मॅच ज्यांनी बघितली नसेल त्यांनी बघाच, शेवटचं मिनिट, पॅकर्स मागे, आमचा क्वार्टरबॅक फार्व्ह डावीकडे पळत पळत जातो आणि तिथून सगळं मैदान ओलांडून उजव्या कोपऱ्यात बॉल टाकतो आणि तिथे शार्प एकटा उभा, आसपास कोणी नाही. २८-२४. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मानेची दुखापत निघाली आणि करिअर तिथेच थांबलं, २९ वर्षांचा होता. त्या सीझनला १८ टचडाउन केले होते त्याने. दोन वर्षांनी पॅकर्स सुपर बोल (लीगची फायनल) जिंकले आणि तो त्यात नव्हता. त्याच्या धाकट्या भावाने, शॅननने, त्याची पहिली सुपर बोलची अंगठी त्याला देऊन टाकली. २०११ ला शॅनन स्वतः हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा स्टेजवरून म्हणाला की मी इथे आहे खरा पण घरात मी दोन नंबरचा खेळाडू आहे. १४ वर्षांनी थोरल्याचा नंबर लागला. दोन्ही भाऊ तिथे, असं आधी कधीच झालेलं नाही.


जांभळा मावळा

वारकरी, शार्पबद्दल शब्दही काढणार नाही, मानाचा माणूस. फक्त एक राहिलं तुमचं सांगायचं, ते ११२ चं रेकॉर्ड पुढच्याच वर्षी मोडलं कुणी? क्रिस कार्टरने, १२२. आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत १२२. 🙂


नागपूरचा नवखा

धागा वाचतोय, मजा येतेय. एक बेसिक विचारू का? मी गेल्या सीझनपासून बघायला लागलो (रविवारी रात्री साडेदहाला सुरू होते पहिली मॅच, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकरा, सोमवारी ऑफिसला डोळे उघडत नाहीत). मला टीव्हीवर फक्त बॉल फेकलेला आणि पकडलेला दिसतो. त्याआधी रिसीव्हर काय करतो ते कळतच नाही, कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो. मग एक भारी आणि एक साधा हे ओळखायचं कसं?


सईची आई

नवखे, अगदी बरोबर प्रश्न आहे, आणि टीव्हीवर ते खरंच दिसत नाही. मी ग्रीन बेमध्येच राहते आणि मला ते कळलं ट्रेनिंग कॅम्पला जाऊन.

इथे एक पद्धत आहे, उन्हाळ्यात सरावाला जाताना खेळाडू स्टेडियमपासून नित्श्के फील्डपर्यंत लहान मुलांच्या सायकलींवर जातात. मुलं सकाळपासून सायकली घेऊन रांगेत उभी असतात, खेळाडू एक सायकल निवडतो, त्याच्यावर बसतो, गुडघे पार हनुवटीला लागतात, आणि ते मूल त्याचं हेल्मेट छातीशी धरून बाजूने पळतं. आमच्या सईची गुलाबी सायकल २०१९ ला एका खेळाडूने घेतली होती, मागच्या चाकाची हवा पार बसली पण आम्ही ती सायकल अजून विकलेली नाही.

तर त्या दिवशी कुंपणाशी उभी राहून मी पॅकर्सच्या रिसीव्हरला, डाव्हान्टे अॅडम्सला, पंधरा वीस फुटांवरून बघितलं आणि मला पहिल्यांदा कळलं की रिसीव्हरचं अर्धं काम पहिल्या दोन यार्डांत होतं. कबड्डी डोळ्यासमोर आणा. रेडर मध्यरेषेवर असतो, समोर बचावपटू, दोघं एकमेकांच्या कमरेकडे बघतायत. तसंच इथे, कॉर्नरबॅक अगदी तोंडासमोर उभा असतो, पहिल्या पाच यार्डांत त्याला हात लावायची परवानगी आहे, तो ढकलून तुमची वेळ बिघडवणार. वेळ बिघडली की संपलं, कारण क्वार्टरबॅक तुम्ही वळायच्या आधीच बॉल सोडतो, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी तुम्ही असायलाच हवं. अॅडम्स काय करायचा, तर जागच्या जागी पाय असे नाचवायचा, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, घाई बिलकुल नाही, आणि समोरच्याने वजन एका पायावर टाकलं रे टाकलं की हा दुसऱ्या बाजूने गेला. मातीवर बुटांचा नुसता खसखस आवाज. कॉर्नर तिथेच, हात हवेत. बॉल अजून फेकलेलाही नसतो आणि काम झालेलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी बॉल सोडा आणि कडेला उभ्या माणसाचे पाय बघा. टीव्हीवर स्नॅप (बॉल खेळात येणं) व्हायच्या आधी एक दोन सेकंद दिसतात.

आणि वादात माझं मत: मॉस ज्याला पळून हरवायचा त्याला अॅडम्स उभ्या उभ्या हरवायचा. मला दुसरं जास्त अवघड वाटतं.


हिशेबनीस

वाचत होतो, आता राहवलं नाही. सगळे रिसीव्हरबद्दल बोलतायत आणि बॉल फेकणाऱ्याचं नावच नाही.

पॅकर्सकडे १९९२ ते २००७ फार्व्ह, २००८ ते २०२२ अॅरन रॉजर्स. तीस वर्षं दोनच माणसं आणि दोन्ही अव्वल. आता मॉसचं बघा. १९९८ ला रँडल कनिंगहॅम, १९९९ ला सहा मॅच झाल्यावर जेफ जॉर्ज, २००० ला डॉन्टे कलपेपर. तीन वर्षांत तीन क्वार्टरबॅक आणि मॉसचे यार्ड १३१३, १४१३, १४३७. म्हणजे फेकणारा बदलला तरी फरक शून्य, उलट वाढतायत. जेफरसनचं तसंच, कझिन्स होता, तो जखमी झाला मग कोण कोण आले, मग डार्नल्ड, २०२४ ला डार्नल्डबरोबर १५३३ यार्ड आणि टीम १४-३.

उलट पॅकर्सची यादी घ्या. जेनिंग्ज, नेल्सन, कॉब, अॅडम्स, चौघेही ड्राफ्टच्या दुसऱ्या राउंडचे (फेरीचे), आणि डोनाल्ड ड्रायव्हर तर सातव्या राउंडचा, २१३ वा, त्याच्या नावावर पॅकर्सचे सगळ्यात जास्त यार्ड आहेत, १०१३७. एवढे सगळे हिरे एकाच खाणीत कसे सापडतात? मला वाटतं खाण नाही, पैलू पाडणारा चांगला होता. जेनिंग्ज २०१३ ला आमच्याकडे आला तेव्हा तो तसा राहिलाच नाही हे तुम्हीपण बघितलंय.

म्हणून माझं मत वायकिंग्स, आणि ते पण बऱ्याच फरकाने.


लॅम्बो वारकरी

हिशेबनीस, हिशेब अर्धाच मांडलात. अॅडम्स २०२२ ला रेडर्सकडे गेला, रॉजर्स नाही, डेरेक कार फेकतोय, आणि यार्ड किती? १५१६. टचडाउन १४. आणि अॅडम्स गेल्यावर रॉजर्सच्या पॅकर्सचं काय झालं, ८-९, प्लेऑफसुद्धा नाही. कुणाला कुणाची गरज होती मग?

शार्पचं पण तेच. १९८९ ला लीगमध्ये सगळ्यात जास्त कॅच त्याचे, ९०, तेव्हा फार्व्ह कॉलेजात होता, फेकणारा डॉन माइकोव्स्की होता.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाहीये ती हवा. वायकिंग्स १९८२ पासून छपराखाली खेळतात, मधली दोन वर्षं विद्यापीठाच्या मैदानावर खेळले तेवढी सोडून. वारा नाही, पाऊस नाही, हात गरम. आमच्याकडे डिसेंबरात अॅल्युमिनियमच्या बाकावर खाली पुठ्ठा टाकून बसावं लागतं, बॉल दगडासारखा होतो, बोटांवर आदळला की कळ डोक्यात जाते. त्यात कॅच घेणारे आणि छपराखाली घेणारे एका तराजूत कसे घालता?

६ नोव्हेंबर २००० ची मॅच मी स्टेडियममध्ये बसून बघितली आहे. मी मॅडिसनला शिकत होतो, लॅबमधल्या एकाने तिकीट दिलं, घालायला धड जॅकेट नव्हतं, कचऱ्याच्या पिशवीला भोक पाडून डोक्यातून घातली होती. पाऊस थांबायला तयार नाही. तुमचीच टीम समोर, २०-२०, ओव्हरटाइम. फार्व्हने लांब बॉल टाकला अँटोनिओ फ्रीमनकडे, तो घसरून आडवा झाला, तुमचा डिशमन वरून आला आणि बॉल त्याच्या हाताला लागून खाली गेला. आम्ही सगळे हळहळलो, माझ्या पुढचा माणूस खाली बसलासुद्धा. डिशमनलाही वाटलं संपलं. आणि फ्रीमन उठला आणि पळायला लागला. काय चाललंय कुणालाच कळेना, आधी त्या टोकाच्या लोकांचा आवाज आला, मग तो आवाज स्टँडमधून फिरत फिरत आमच्यापर्यंत आला, आणि पुढचा माणूस वळून मला मिठी मारतोय, ओळख ना पाळख. घरी येऊन रात्री टीव्हीवर बघितलं तेव्हा कळलं, बॉल पडता पडता त्याच्या खांद्यावर टेकला, पाठीवर पडलेल्या माणसाने अंग वळवलं आणि हात जमीन आणि बॉलच्या मध्ये सरकवला, जेमतेम इंचभर जागा होती. ४३ यार्ड, २६-२०.

छपराखालीसुद्धा असा कॅच होईल यावर मी पैज लावली नसती, आणि हा तर त्या चिखलात!


जांभळा मावळा

ती मॅच परत आठवून दिलीत, ठीक आहे 😀 पण वारकरी, मनापासून सांगा, त्यात रिसीव्हरचं कौशल्य किती आणि नशीब किती? मी त्याला हुशारी म्हणेन, कुणी हात लावेपर्यंत प्ले संपत नाही हे त्याला आडवा पडल्या पडल्या आठवलं, त्याला सलाम. पण त्यावरून फ्रीमनला मॉसच्या शेजारी नाही ना बसवता येणार.

हवेचा मुद्दा मात्र पटत नाही. मॉसने ते १९० यार्ड कुठे केले? लॅम्बोवर, उघड्यावर. जानेवारी २००५ ची प्लेऑफपण लॅम्बोवरच, आम्ही ३१-१७ जिंकलो, त्या दिवशी टचडाउन केल्यावर मॉसने जे केलं (प्रेक्षकांसमोर पँट खाली केल्याचा अभिनय) ते नको होतं करायला, मी त्याची बाजू घेणार नाही, दंडही झाला त्याला, पण पाय दुखत असताना खेळत होता तो.

आणि ज्याला खरंच रिसीव्हर म्हणजे काय बघायचंय त्याने २०२२ ची पहिली मॅच बघा, आमच्या घरी. जेफरसन ९ कॅच, १८४ यार्ड, २ टचडाउन, २३-७. ओ'कॉनेलची कोच म्हणून पहिलीच मॅच, त्याने जेफरसनला कडेला उभाच केला नाही. स्नॅपच्या आधी इकडून तिकडे फिरवायचा, कधी आत, कधी मागे, आणि पॅकर्स झोनमध्ये (माणूस नाही, आपापली जागा राखायची), त्यामुळे प्रत्येक वेळी तो मोकळ्या जागेत जाऊन उभा, नाहीतर लाइनबॅकर (मधल्या फळीतला जड बचावपटू) त्याच्यामागे धावतोय. मी स्टेडियममध्ये होतो आणि पॅकर्सचे लोक एकमेकांकडे हात करून विचारतायत, हा कुणाचा होता.


सईची आई

मावळे, मग १ जानेवारी २०२३ पण सांगा ना.


जांभळा मावळा

सांगतो. लपवायचं काय त्यात. लॅम्बोवर पॅकर्सचा कॉर्नरबॅक जाइर अलेक्झांडरने आठवडाभर आधीच म्हटलं होतं की पहिल्या मॅचचं जे झालं ते योगायोग होता, आणि मग जेफरसनला १ कॅच, १५ यार्ड. एक! आम्ही ४१-१७ हरलो. अलेक्झांडरने एक बॉल उडवून लावला आणि जेफरसनचाच ग्रिडी नाच त्याच्यासमोर केला. त्या रात्री मी जेवलो नाही.

पण बघा, तिथेही माझीच कसोटी उभी राहते. त्याला थांबवायला काय केलं त्यांनी? अलेक्झांडर पुढे तोंडाशी आणि मागे सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) त्याच्या वाट्याचा. एका माणसासाठी दोन.


हिशेबनीस

+१. आणि दोन माणसं एकावर लागली की बाकीचे मोकळे होतात, ते त्याच्या नावावर कुठेच लिहिलं जात नाही. आमच्या थिलनचे २०१८ चे आकडे आठवा, पहिल्या आठही मॅचमध्ये १०० च्या वर यार्ड. तो उत्तमच होता, पण दुसऱ्या बाजूला डिग्ज असल्याने डिफेन्सला कुठे झुकायचं ते ठरवता येत नव्हतं.

त्यातल्या डिग्जला २०२० ला बफेलोला दिला तेव्हा इथे किती लोक चिडले होते. आलेल्या २२ व्या निवडीतून जेफरसन घेतला, तो पण ईगल्सनी त्याच्या एक नंबर आधी जेलन रेगरला घेतला म्हणून आपल्यापर्यंत पोचला. डिग्जने बफेलोत पहिल्याच वर्षी १५३५ यार्ड करून लीगमध्ये पहिला नंबर काढला, जेफरसनने इथे रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) म्हणून १४००. दोन्ही घरं सुखी झाली असा सौदा क्वचित होतो.


वॉसॉची वैदेही

मी पॅकर्सची, पण मला आमच्याच टीमवर राग काढायचाय. जेव्हियर वॉकरला २००२ ला पहिल्या राउंडमध्ये घेतलं त्यानंतर २०२४ पर्यंत एकही, एकही रिसीव्हर पहिल्या राउंडमध्ये घेतला नाही. रॉजर्सची सगळी कारकीर्द त्यात गेली. वायकिंग्सचं बघा, हार्विन, पॅटरसन, ट्रेडवेल, जेफरसन, अॅडिसन, सगळे पहिल्या राउंडचे, त्यातले दोन तीन फुकट गेले तरी चालेल पण घेत राहिले, आणि म्हणून एक जेफरसन लागला.

२०२२ ला अॅडम्स गेल्यावर आम्ही काय केलं, तर ३४ व्या नंबरसाठी दोन निवडी दिल्या, त्या पण कुणाला, वायकिंग्सना! आणि क्रिस्टियन वॉटसन घेतला. मग त्याच पहिल्या मॅचमध्ये, मावळे म्हणतायत त्याच, आमचा पहिला प्ले, रॉजर्सने लांब टाकला, वॉटसनने पॅट्रिक पीटरसनला सरळ मागे टाकलेलं, पुढे कोणी नाही, आणि बॉल दोन्ही हातांतून खाली. ७५ यार्डांचा टचडाउन होता तो. तो मुलगा तसाच हेल्मेटवर हात ठेवून उभा राहिला ते मला अजून दिसतं. बावीस तेवीस वर्षांचा पोरगा, लीगमधला पहिला प्ले, ७० हजार लोक ओरडतायत. नोव्हेंबरात डॅलसविरुद्ध त्याने ३ टचडाउन केले तेव्हा मी घरात एकटी टाळ्या वाजवत होते.


लॅम्बो वारकरी

वैदेहीताई, नाव जावॉन वॉकर. बाकी सगळ्याला अनुमोदन, रागालासुद्धा.

आजच्या घडीचं बोलायचं तर मी हरलो, खोटं कशाला बोलू. जेफरसनसारखा माणूस आमच्याकडे नाही. ४ वर्षांचे १४ कोटी डॉलर त्याला दिले ते कमीच आहेत. आमच्याकडे जेडन रीड आहे, डब्ज आहे, विक्स आहे, वॉटसनचा गुडघा गेलाय तो सीझनच्या सुरुवातीला नाही. गेल्या सीझनला एकाचेही हजार यार्ड झाले नाहीत, सगळ्यात जास्त रीडचे, ८५७. आमच्या कोचचं, लाफ्लरचं, म्हणणं असतं की जो मोकळा तो नंबर एक, आणि साधारण टीमसमोर ते चालतंही, डिफेन्सला कुणावर दोन माणसं लावायची तेच कळत नाही. पण थर्ड डाउन (चारपैकी तिसरा प्रयत्न), ८ यार्ड हवेत, सगळ्या स्टेडियमला माहितीय बॉल फेकणार, तेव्हा एक असा माणूस लागतो की झाकलेला असला तरी त्याच्याकडेच टाकायचा. तो नाही.


सईची आई

म्हणून तर मॅथ्यू गोल्डनला घेतला ना. एप्रिलमध्ये ड्राफ्ट आमच्या गावातच होता, लॅम्बोच्या बाहेर, गावाची लोकसंख्या लाखभर आणि माणसं त्याच्या कितीतरी पट. मी, सई आणि तिचे बाबा दुपारपासून उभे. २३ वा नंबर आला, पॅकर्सचा तेव्हाचा अध्यक्ष मर्फी स्टेजवर आला, आणि त्याने वाइड रिसीव्हर म्हटलं तसा जो आवाज झाला तसा मी मॅचलाही ऐकलेला नाही. शेजारी एक आजोबा होते, त्यांनी टोपी काढली आणि नुसते उभे राहिले. २३ वर्षांनी! ४.२९ सेकंदांत ४० यार्ड पळतो तो. बाकी आत्ताच काही बोलत नाही, कॅम्पमध्ये बघून आले दोनदा, पाय छान आहेत.


नागपूरचा नवखा

सईची आई, तुम्ही सांगितल्यापासून जुन्या मॅचचे व्हिडिओ लावून फक्त पाय बघतोय. २०२० ची मॅच बघितली, मिनेसोटाचं स्टेडियम कोविडमुळे पूर्ण रिकामं, त्यामुळे आवाजही ऐकू येतात. अॅडम्सने १४ कॅच घेतल्या, कॉमेंटरीत म्हणाले की हटसनच्या रेकॉर्डची बरोबरी. हटसन वर वाचला नसता तर हे नाव कानावरून गेलं असतं.

माझं अजून ठरत नाहीये कुठली टीम घ्यायची.


जांभळा मावळा, २७ ऑगस्ट २०२५

धागा वर काढतोय कारण बातमी आलीय. थिलन परत आला!!! कॅरोलायनाकडून ट्रेडमध्ये. आमच्या डेट्रॉइट लेक्सचा पोरगा, मॅन्काटोच्या कॉलेजातून आलेला, ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही म्हणून ट्रायआउट देऊन टीममध्ये शिरलेला. ३५ वर्षांचा आहे, माहितीय. अॅडिसन पहिल्या तीन मॅच निलंबित आहे, तेवढ्या काळात आमच्या नव्या क्वार्टरबॅकला, मॅकार्थीला, कुणीतरी भरवशाचं माणूस हवं होतं, मुलाचा तो पहिलाच सीझन आहे खऱ्या अर्थाने, गेल्या वर्षी गुडघ्यामुळे एकही मॅच खेळला नाही. बायकोने कपाटातून १९ नंबरची जर्सी काढून इस्त्री करून ठेवलीय.


लॅम्बो वारकरी, २८ ऑगस्ट २०२५

मावळे, जर्सी घाला जर्सी. आम्ही मायका पार्सन्स आणला. डॅलसला दोन पहिल्या राउंडच्या निवडी आणि केनी क्लार्क देऊन. हात थरथरतायत टाइप करताना.


हिशेबनीस

धागा रिसीव्हरचा आहे आणि पार्सन्स डिफेन्सचा, पण विषय सुटलेला नाही. जेफरसनला लांबच्या रूटवर मोकळं व्हायला तीन सेकंद लागतात. पार्सन्स तेवढे देईल का मॅकार्थीला? रिसीव्हरला थांबवायचे दोन रस्ते, एक तर त्याच्यावर दोन माणसं घाला, नाहीतर बॉल सुटूच देऊ नका. १९९९ ला पॅकर्सनी पहिला रस्ता धरला होता. ह्या वेळी दुसरा धरलेला दिसतोय.


जांभळा मावळा

आणि तो पण पहिल्या राउंडच्या दोन निवडी देऊन. बघा म्हणजे.

वारकरी, नोव्हेंबरात लॅम्बोवर मॅच आहे आपली. तुमच्याकडे एखादं तिकीट जास्तीचं निघतंय का? पाच तास गाडी चालवत येतो, पुठ्ठा माझा मी आणतो.


लॅम्बो वारकरी

तिकीट ठेवलं. जांभळं घालून आलात तरी चालेल, आमच्या रांगेत कोणी काही बोलणार नाही. वैनींना पण आणा, आदल्या रात्री आमच्याकडेच उतरा.